मुंढ्याशी तुटलेली गोष्ट

सांगलीला आम्ही ज्या दोन खोल्यांत राहायचो तिथे पुस्तकांचं कपाट नव्हतं. शाळेची पुस्तकं, खिळ्याला लटकवलेलं पंचांग आणि आजीची लाल बासनात बांधलेली पोथी, एवढाच आमचा ग्रंथसंग्रह. त्यामुळे अक्षरं जुळवून वाचायला यायला लागल्यावर मी जे पहिलं मनापासून वाचलं, ते आईच्या ब्लाऊजच्या कटिंगवर.

आई गल्लीतल्या बायकांचे ब्लाऊज शिवायची. एकदा मापाचं कागदी कटिंग करून ठेवलं की पुढच्या खेपेला माप घ्यायला नको. म्हणून रविवारच्या पुरवण्या ती रद्दीत जाऊ द्यायची नाही. जमिनीवर कागद पसरायची, पट्टी-पेन्सिल घेऊन ‘छातीचा चौथा भाग, वर एक इंच’ असं पुटपुटत रेघा मारायची आणि कात्री चालवायची. त्या पुरवण्यांत कथा असायच्या. कात्रीला त्यांचं काय सोयरसुतक! पाठीच्या भागावर दोन-तीन कॉलम सलग मिळायचे, पण गळ्याच्या जागी नेमकं गोष्टीचं नाव कापलेलं असायचं. पुढच्या भागावर गोष्ट ऐन रंगात यायची आणि मुंढ्याशी, म्हणजे बाही जोडायच्या गोलाईशी, येऊन तुटायची. बाहीवर ओळी आडव्याच्या उभ्या झालेल्या, मान वाकडी करून वाचाव्या लागत. कटोरीत, म्हणजे छातीवरच्या वाटीसारख्या तुकड्यात, तर फार काही मावतच नसे. केशतेलाच्या जाहिरातीचा तुकडा किंवा शब्दकोड्याचा कोपरा.

एका गोष्टीतली बाई मला अजून आठवते. ती टांग्यातून उतरते, हातातली पिशवी सावरते, एका दाराशी जाऊन कडी वाजवते, आतून पावलं ऐकू येतात, आणि मुंढा. दार कुणी उघडलं ते मला आजतागायत माहीत नाही. तेव्हा मी त्याच पुरवणीचा उरलेला कागद शोधत सगळी पाकिटं उपसली होती. कधी कधी अशी शोधाशोध फळाला यायची. एकीच्या पाठीवर सुरू झालेली गोष्ट दुसऱ्याच बाईच्या बाहीत सापडायची. कोपऱ्यावरच्या घरातल्या काकूंचं माप छाती बेचाळीस. त्या माझ्या फार लाडक्या होत्या, कारण त्यांच्या कटिंगवर गोष्ट जास्त मावायची.

पांढऱ्या रुबियाचा ब्लाऊज आला की मात्र माझा हिरमोड. छापील शाई पांढऱ्या कापडाला लागते, म्हणून त्यासाठी आई खाकी कागद काढायची. खाकी कागदावर वाचणार काय? ‘सौ. अमुक, उंची १४, बाही ६, गळा मागे खोल’ एवढंच.

शिवण आणि वाचन हे माझे दोन छंद, असं मी आता सांगते तेव्हा लोकांना ती जरा विजोड जोडी वाटते. एक हाताचं काम, एक डोक्याचं, असं म्हणतात. माझ्या घरात ती दोन्ही कामं एकाच कागदाच्या दोन बाजूंना होती, त्यामुळे मला त्यात कधी विशेष वाटलं नाही. आपल्या भाषेलाही वाटलेलं दिसत नाही. कापड बेततात आणि कादंबरी सत्य घटनेवर बेतलेली असते. मशीनवर टीप मारतात आणि पानाच्या तळाशी टीप देतात. टाचणीनं टाचतात ते कापड, आणि वाचता वाचता काढतात ते टाचण. ‘ग्रंथ’ शब्दाच्या मुळाशीही बांधणं, गुंफणंच आहे. पेशवे दप्तरातले कागद तर आजही रुमालांत मोजतात, इतके रुमाल, तितके रुमाल. कापडानं बांधलेला गठ्ठा तो रुमाल. आजीच्या पोथीचं बासन त्याचंच घरगुती भावंड म्हणायचं. (‘जिवावर बेतणं’ यातलं बेतणं कुठून आलं असेल, हे मला पहिला ब्लाऊज बेतताना कळलं.)

पण इथे एक गोष्ट कबूल केली पाहिजे. आईला मी कधी ‘तुझा छंद काय’ असं विचारलं असतं तर तिनं शिवण असं उत्तर नक्की दिलं नसतं. तिच्यासाठी ते काम होतं. एका ब्लाऊजचे दोन-अडीच रुपये, तेही लोक उद्या देते म्हणून महिनामहिना रखडवायचे. सणाच्या आधी रात्री अकरापर्यंत मशीन चालायचं. आमच्यासाठी शिवायची ते उरल्यासुरल्या कापडाचं. माझ्या एका फ्रॉकची पुढची बाजू फुलांची, पाठ चौकड्यांची होती आणि शाळेत मी भिंतीला टेकून उभी राहायचे. आणि वाचायचं विचारलं तर ठरलेलं उत्तर, ‘वाचायला वेळ कुठाय? ए, ते ठेव खाली, आधी हुकं लाव.’

मुलींच्या हातात सुई असावी की पुस्तक हा वाद तसा जुनाच. पुण्यात हुजूरपागेची शाळा १८८४ साली निघाली तेव्हा मुलींना इंग्रजी-गणित कशाला, शिवणटिपण आणि घरकाम शिकवा, असा सूर इथल्याच वर्तमानपत्रांतून उमटला होता. सुई ही मुलीला घरात बसवायची खुंटी, असा त्यात हिशोब असावा. गंमत अशी की पुढे कित्येक घरांत त्याच सुईनं मुलींच्या शाळेची फी भरली. माझी भरली. त्यामुळे कुणी शिवणकामाला ‘बायकांचा विरंगुळा’ म्हणालं की मला राग येतो आणि कुणी त्याचे फार गोडवे गायले तरीही येतो.

हुकं लावण्यापलीकडे मी स्वतः चाळिशीपर्यंत सुईला हात लावला नाही. नोकरी, पुण्यातली बदली, मुलगी, बसचे धक्के. वाचन टिकून होतं, कारण ते बसमध्येही करता येतं. आई गेल्यावर तिचं उषाचं पायमशीन घरी कुणाला नको होतं. भाऊ म्हणाला, ‘ताई, भंगारवाला चांगला भाव देतोय.’ मी टेम्पो करून ते पुण्याला आणलं. त्याच्यासोबत एका पत्र्याच्या डब्यात शटल, बॉबिन, अर्धी झालेली ब्लेडं, मेणबत्तीचा तुकडा, आणि एक मोठी पिशवी भरून कटिंगची पाकिटं आली.

पाकिटं उघडायला मला चारेक वर्षं लागली. उघडली तेव्हा सवयीनं वाचतच बसले. त्यात एका कटोरीवर शब्दकोड्याचा तुकडा होता आणि त्यातली घरं पेन्सिलीनं भरलेली होती. अक्षर आईचं. कडेला छाती छत्तीस लिहिलंय ते पेननं, कोडं पेन्सिलीनं. मग मी बाकीची पाकिटं त्या नजरेनं पाहिली. अकरा कटोऱ्यांवर कोड्याचे तुकडे निघाले. सगळे सोडवलेले, कात्रीच्या रेघेपर्यंत. कोडं आधी सोडवलं आणि मग कापलं की कापलेलं सोडवलं ते कळायला मार्ग नाही. वेळ कुठाय म्हणणाऱ्या बाईनं एवढे शब्द कधी शोधले? रात्री अकरानंतर? आम्ही झोपल्यावर? एका ठिकाणी ‘उभे शब्द ७’ची चार घरं आहेत, त्यात वरची दोन भरलेली, ‘मन’. खालची दोन कात्रीत गेली. मनमानी, मनसुबा, मनस्ताप, मनगट. मोजून बघितलं तर चारात बसणारे बरेच निघतात.

तर मशीन. जुन्या पायमशीनशी जमवून घ्यायला मला सहा महिने लागले. वादी सैल झाली की चाक फिरतं आणि सुई ढिम्म हलत नाही. पाय उलटा पडला की चाक मागे फिरतं आणि दोरा तुटतो. सगळ्यात मोठा धडा असा की टिपेच्या खालच्या बाजूला दोऱ्याचं घरटं झालं, तर दोष बहुतेक वेळा वरच्या दोऱ्याचा असतो. तो ताणपट्ट्यांत नीट बसलेला नसतो. मी महिनाभर खालचं बॉबिन काढून काढून पुसत होते. शेवटी रविवार पेठेतल्या एका म्हाताऱ्या मेकॅनिकनं माझं सगळं ऐकून घेतलं, वरचा दोरा उपसून पुन्हा ओवला आणि म्हणाले, ‘खाली गुंता दिसला की वर बघायचं, बाई.’ पैसे घेतले नाहीत.

या यंत्राविषयी गांधीजी फार प्रेमानं बोलले होते. १९२४ साली यंत्रांवर चर्चा चालली असताना त्यांनी शिवणयंत्राला अपवाद ठरवलं. सिंगरनं बायकोला हातानं शिवताना पाहिलं आणि तिचे कष्ट वाचावेत म्हणून प्रेमापोटी हे यंत्र केलं, असं ते म्हणाले. गोष्ट सुंदर आहे, पण खऱ्या आयझॅक सिंगरवर बेतलेली नाही. टोकाला भोक असलेली सुई आणि दोन दोऱ्यांची घट्ट टीप यांचं अमेरिकेतलं पेटंट एलियास हाउनं १८४६ सालीच घेतलं होतं. सिंगरचं सुधारलेलं मशीन आलं १८५१ मध्ये, आणि त्या दोघांत कोर्टकचेऱ्याही झाल्या. शिवाय सिंगरसाहेबांचे संसार एकाहून जास्त आणि मुलं दोन डझनांच्या घरात. बायकोवरच्या प्रेमाची गोष्ट नेमकी कुठल्या बायकोची, असा प्रश्न पडतो. तरीही मशीनला तेल देताना मला दर वेळी ती प्रेमाची गोष्टच आठवते, पेटंटची नाही.

पहिला उद्योग केला तो मुलीचा कुर्ता. थेट चांगल्या कापडावर. आई असती तर आधी मांजरपाटावर शिवून बघ म्हणाली असती. बाहीचा मुंढा पुढून जरा खोल असतो आणि मागून उथळ. मला वाटलं दोन्ही बाजू सारख्याच. डावी बाही उजवीकडे आणि उजवी डावीकडे लागली. कुर्ता घालून मुलीनं हात वर केला तेव्हा अख्खा कुर्ता तिच्यासोबत वर गेला. ‘आई, यात फक्त उभं राहता येतंय,’ ती म्हणाली.

मग उसवणं आलं. आणि मला सांगायला जरा संकोच वाटतो, पण शिवणकामातला माझा सगळ्यात आवडता भाग उसवणं हाच आहे. एका बाजूचा दर चौथा टाका ब्लेडच्या टोकानं तोडायचा, मग दुसऱ्या बाजूचा दोरा टोकाला धरून ओढायचा. नीट जमलं तर तो हातभर लांब, सलग निघून येतो. कापडावर भोकांची बारीक रांग राहते, तिच्यावर पाण्याचा हात फिरवून इस्त्री केली की सुती कापडावरची तीही बुजते. उसवताना दिसतं की आपण कुठे घाई केली, कुठे टाके मोठे झाले, कुठे कापड जबरदस्तीनं ताणून बसवलं. शिवताना यातलं काहीही दिसत नाही.

पुस्तक दुसऱ्यांदा वाचणं हे मला असंच वाटतं. पहिल्या वाचनात मी त्या टांग्यातल्या बाईमागे धावत असते, दार कोण उघडतंय ते बघायला. दुसऱ्या वेळी दार कुणी उघडलं ते माहीत असतं. मग दिसतं की लेखकानं तिसऱ्याच पानावर दाराची कडी सैल असल्याचं सांगून ठेवलंय. जोड कुठे आहे, अस्तर कुठे लावलंय, कुठे कापड कमी पडलं म्हणून वर्णनाची पट्टी जोडलीय. मुलगी म्हणते तू वर्षाला चार पुस्तकं वाचतेस आणि ती पण तीच ती. खरं आहे. कुणी वर्षात शंभर पुस्तकं वाचल्याचं सांगतं तेव्हा मला आईच्या दिवाळीतल्या ब्लाऊजच्या ढिगाची आठवण होते. तिला तर त्याचे पैसे मिळायचे.

दोन्ही छंदांत भांडण आहे ते डोळ्यांवरून. साठीला आल्यावर डोळे दिवसाला ठरावीकच काम देतात, ते कुणाला द्यायचं? आईचा नियम होता, काळं कापड दिवसा. मी तो वाढवलाय. दुपारी दोन ते चार खिडकीत चांगला उजेड येतो, तेव्हा मशीन. रात्री दिव्याखाली पुस्तक. हेमिंग आणि हुकं संध्याकाळी, कारण त्याला बोटांची नजर पुरते. त्या वेळी मोबाइलवर कादंबरी ऐकते. हेमिंगला ऐकणं छान जातं. काजाला अजिबात जात नाही. काजाचे टाके मी मोजते, आणि वाचणाऱ्यानं एखादं वाक्य सुरेख म्हटलं की मोजणी चुकते. मशीन चालू असताना तर ऐकायचं नावच नको, ती खडखड कुणाचंही साहित्य ऐकून घेत नाही.

महिन्यातून एकदा मी गावात जाते. गावात म्हणजे पेठांत, आम्हा उपनगरवाल्यांच्या भाषेत. सोमवार टाळून, कारण त्या दिवशी लक्ष्मी रस्त्यावरची बरीच दुकानं बंद. आधी रविवार पेठेत लेस, बटणं, अस्तर. मग तुळशीबागेतून, काही घ्यायचं नाही असं ठरवून, काहीतरी घेत. तिथून अप्पा बळवंत चौक चालत दहा मिनिटांवर. तिथे आता स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांचेच डोंगर जास्त आहेत, त्यामुळे कथा-कादंबऱ्यांसाठी दुकानदाराला आत पाठवावं लागतं. शेवटी नारायण पेठेत पुणे मराठी ग्रंथालय. १९११ सालची संस्था. पिशवीत अस्तराचं कापड आणि वर पुस्तक, असं घेऊन बसमध्ये बसलं की मला श्रीमंत झाल्यासारखं वाटतं. एकदा एका पुस्तकात खूण म्हणून ठेवलेला लाल रुबियाचा चतकोर सापडला. कुणीतरी माझ्यासारखीच. तो तिथेच राहू दिला.

हल्ली सुई पुस्तकांवरही चालते. जुन्या मराठी पुस्तकात सोळा-सोळा पानांचे फॉर्म घडी घालून घडीतून दोऱ्यानं शिवलेले असत. दोरा कुजला तरी पानं जोडीनं सुटतात, घडीतून पुन्हा शिवता येतात. मेणबत्तीवरून ओढलेला जाड दोरा, दाभण, आणि धीर, एवढं पुरतं. हल्लीच्या पुष्कळ पुस्तकांची पाठ कापून नुसता डिंक लावतात. तो वाळला की एकेक पान गळतं, आणि घडीच नसल्यामुळे शिवणार कुठून? कडेनं भोकं पाडून टाचावं लागतं, मग पुस्तक पूर्ण उघडत नाही आणि ओळींची पहिली अक्षरं आत जातात. मी अशी तीन पुस्तकं टाचली आहेत. त्यांतलं एक इतकं घट्ट झालंय की ते वाचायला दुसरी प्रत घ्यावी लागली. यावर माझा नवरा फारच हसला.

मुलीनं गेल्या महिन्यात फर्माईश केली. ‘आई, खिसा असलेला कुर्ता दे. मोबाइलचा नको, पुस्तक मावेल असा.’ बाजारातल्या बायकांच्या कपड्यांना खिसे का नसतात हा वेगळ्या लेखाचा विषय आहे, आणि तो लेख फार सभ्य होणार नाही. मी खिशाचं माप पुस्तकावरून घेतलं. आपली बहुतेक पुस्तकं डेमी आकाराची, साडेपाच बाय साडेआठ इंच. दोन्हीकडून अर्धा इंच सैल, वर हात जायला जागा. शिवून झाल्यावर अडीचशे पानांची कादंबरी खिशात घातली तर कुर्ता एका बाजूला वाकला आणि गळा खांद्यावरून उतरला. दुसऱ्या बाजूला तेवढंच पुस्तक घाल म्हटलं. तिनं घातलं आणि आरशात बघून म्हणाली, हमालासारखी दिसतेय. शेवटी खिशाच्या आतून कमरेपर्यंत एक दुहेरी पट्टी जोडली, वजन शिवणीवर पडावं म्हणून. आता कवितासंग्रह बसतो. कादंबरीला हात द्यावा लागतो.

तिला आता तसाच दुसरा हवाय, बाह्या लांब करून. म्हणजे नवं कटिंग. काल दुपारी खिडकीखाली रविवारची पुरवणी पसरली, पट्टी ठेवली. ‘अगं, खाकी कागद आणून ठेवलाय ना कपाटात,’ नवरा म्हणाला. मी हो म्हटलं आणि पेन्सिलीनं छातीचा चौथा भाग मांडला. पानावर एक गोष्ट होती, नव्याच कुणा लेखिकेची. मुंढा नेमका चौथ्या परिच्छेदावर येत होता. पट्टी बाजूला ठेवली, चष्मा पुसला आणि आधी गोष्ट शेवटपर्यंत वाचून काढली. बरी होती. शेवट जरा ओढून बसवला होता. मग कात्री घेतली.